वायोमिंगमध्ये प्राँगहॉर्नची शिकार : आधी जमीन, मग परवाना, मग खोली

वायोमिंगच्या माळरानावर प्राँगहॉर्न, म्हणजे काळविटासारखं दिसणारं इथलं जनावर, दिसणं अजिबात अवघड नाही. डेन्व्हरहून आय-२५ धरून कॅस्परकडे निघालात की कुंपणापलीकडे कळप चरताना गाडीतूनच दिसतात. अवघड असतं ते तो कळप ज्या जमिनीवर उभा आहे तिथे कायद्यानं पाय ठेवणं. पहिल्यांदा जाणाऱ्यांची सहल नेम चुकल्यामुळे फसत नाही. परवाना खिशात असतो, मोटेलचे पैसे भरलेले असतात आणि तिथे गेल्यावर कळतं, की परवाना ज्या भागाचा आहे तिथे सरकारी जमीन जवळजवळ नाहीच, जी आहे ती चहूबाजूंनी खासगी कुंपणांत अडकलेली आहे. म्हणून जमीन आधी शोधायची, परवाना मग मागायचा आणि खोली शेवटी पक्की करायची. बहुतेक नवखे नेमकं उलट करतात.

हा मजकूर अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काळवीट, चिंकारा यांच्या शिकारीवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. वायोमिंगमध्ये मात्र दर वर्षी कळपांचा अंदाज घेऊन भागवार परवान्यांची संख्या ठरते. २०२२-२३च्या भीषण हिवाळ्यात आणि त्याच सुमारास आलेल्या न्यूमोनियाच्या साथीत पश्चिमेकडचे कळप खूप घटले, तेव्हा तिथले परवानेही कापले गेले. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या माहितीवर बेत आखू नका.

व्हिसा आणि प्रमाणपत्र

ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर आलेल्या माणसाला संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. या नियमाला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यानं दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. मित्राची रायफल सरावासाठी हातात घेणं हेसुद्धा ‘बाळगणं’ धरलं जाऊ शकतं. तेव्हा क्रम असा ठेवा : आधी आपल्या राज्याचा छोट्या जनावरांच्या शिकारीचा साधा परवाना काढा, मगच बंदुकीला हात लावा, आणि परवान्याची मुदत संपू देऊ नका. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा. इथली चूक दंडावर भागत नाही, ती थेट व्हिसावर येते.

१ जानेवारी १९६६ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला वायोमिंगमध्ये शिकारीसाठी हंटर सेफ्टीचं प्रमाणपत्र लागतं. ते कुठल्याही राज्याचं चालतं. काही राज्यांत ऑनलाइन अभ्यासक्रमानंतर एक दिवस मैदानावर हजेरी लावावी लागते आणि उन्हाळ्यात त्या तारखा पटकन भरतात. हिवाळ्यातच उरकून घ्या.

पायरी १ : नकाशावर जमीन शोधा (जानेवारी ते मार्च)

वायोमिंगची जवळपास निम्मी जमीन संघीय सरकारची आहे. त्यातली साधारण १ कोटी ८० लाख एकर बीएलएम, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे आहे. आकडा मोठा आहे, पण वाटणी सारखी नाही. रॉलिन्सपासून पश्चिमेला रेड डेझर्टच्या बाजूला बीएलएमची जमीन अफाट आहे. जिलेट, शेरिडन, बफेलो या ईशान्येकडच्या पट्ट्यात कळप भरपूर आहेत, पण जमीन बहुतांश रँचवाल्यांची आहे. कॅस्पर आणि डग्लसच्या आसपास मामला मिश्र आहे. डग्लस ते राइट या टापूत थंडर बेसिन नॅशनल ग्रासलँड पसरलं आहे. ते फॉरेस्ट सर्व्हिस या संघीय वनखात्याकडे आहे, सुमारे साडेपाच लाख एकर, पण तुकड्यातुकड्यांत.

राज्याच्या गेम अँड फिश खात्याच्या संकेतस्थळावर हंट प्लॅनर नावाचा नकाशा आहे. त्यावर प्राँगहॉर्नचे शिकार-भाग आकड्यांनिशी दिसतात. त्याच्या जोडीला बीएलएमचे १:१,००,००० प्रमाणाचे मालकी दाखवणारे नकाशे किंवा ऑनएक्ससारखं ॲप घ्या. रंग लक्षात ठेवायला सोपे आहेत : पिवळा बीएलएम, निळा राज्याची जमीन, हिरवा फॉरेस्ट सर्व्हिस, पांढरा खासगी. पिवळा रंग बघून हुरळून जायचं नाही. प्रत्येक पिवळ्या तुकड्याला एकच प्रश्न विचारायचा : सार्वजनिक रस्ता याला शिवतो का?

‘सार्वजनिक रस्ता’ म्हणजे महामार्ग किंवा काउंटी रोड. काउंटी रोड खासगी रँचमधून जात असला तरी त्यावरून गाडी नेता येते, फक्त रस्त्यावरून उतरायचं नाही. नकाशावर तुटक रेषेनं दाखवलेली दोन चाकोऱ्यांची वाट मात्र रँचची खासगी असू शकते, मग ती पुढे बीएलएमच्या जमिनीत का जाईना. ही चूक सगळ्यांत जास्त होते. ॲपमध्ये वाट दिसते, फाटक उघडं असतं, माणूस आत जातो आणि संध्याकाळी गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम राबवणारा अधिकारी, गाडीपाशी उभा असतो. शंका आली की त्या काउंटीच्या रोड अँड ब्रिज विभागाला फोन करून अमुक नंबरचा रस्ता काउंटीचा आहे का, हे विचारा. मालकाचं नाव काउंटी असेसरच्या, म्हणजे मालमत्ता कर ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ऑनलाइन नकाशात सापडतं, आपण गावाकडचा सातबारा मोबाइलवर बघतो तितक्या सहज.

राज्याच्या निळ्या जमिनीची गंमत समजून घ्या. अमेरिकेत मोजणी एक मैल बाय एक मैलाच्या सेक्शनमध्ये झाली आहे. सेक्शन ६४० एकरांचा आणि असे ३६ सेक्शन मिळून एक टाउनशिप. वायोमिंगला राज्याचा दर्जा मिळताना शाळांच्या उत्पन्नासाठी प्रत्येक टाउनशिपमधले १६ आणि ३६ क्रमांकाचे सेक्शन राखून मिळाले, म्हणून नकाशावर निळे चौकोन ठरावीक अंतरानं दिसतात. तिथे पोचायला कायदेशीर रस्ता असेल तर शिकार करता येते. पण मुक्काम करता येत नाही, शेकोटी पेटवता येत नाही आणि रस्ता सोडून गाडी नेता येत नाही. उभं पीक असलेल्या शेतातही जायचं नाही. तंबू घेऊन जाणाऱ्यांनी निळा आणि पिवळा यांतला हा फरक पाठच करून ठेवावा.

चेकरबोर्ड आणि कोपरे

आय-८०च्या दोन्ही बाजूंना नकाशा पाहिलात तर एक सेक्शन पिवळा, शेजारचा पांढरा, पुन्हा पिवळा असा पट्टा दिसतो. १८६२च्या पॅसिफिक रेल्वे कायद्यानं युनियन पॅसिफिकला लोहमार्गालगतचे एकाआड एक सेक्शन मिळाले, त्याचा हा वारसा. पिवळे सेक्शन एकमेकांना फक्त कोपऱ्यावर शिवतात. त्या बिंदूवरून एका सरकारी सेक्शनमधून दुसऱ्यात पाय टाकणं कायदेशीर आहे की नाही, यावर अनेक दशकं वाद होता.

एल्क माउंटनजवळ मिसुरीच्या शिकाऱ्यांनी कोपऱ्यावरून असं ओलांडलं, त्यावरून फौजदारी आणि दिवाणी असे दोन्ही खटले झाले. मार्च २०२५मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे या भागातल्या सहा राज्यांच्या संघीय विभागाच्या, अपील न्यायालयानं शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. आधार होता सरकारी जमीन कुंपणानं कोंडू नये असं सांगणारा १८८५चा कायदा. वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस, ओक्लाहोमा या राज्यांना हा निकाल लागू होतो. शेजारचं मोंटाना नवव्या सर्किटमध्ये आहे, तिथे याच्या भरवशावर जाऊ नका.

निकालाची अट अशी, की खासगी जमिनीला पाय लागता कामा नये आणि तिथल्या मालमत्तेला धक्का लागता कामा नये. फोनचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवू शकतो, तेव्हा स्क्रीनवरचा निळा ठिपका हा पुरावा नव्हे. जमिनीत मोजणीची खूण असते, बहुधा लोखंडी नळीवर बसवलेली पितळी टोपी, आणि तिच्यावर सेक्शनचे आकडे कोरलेले असतात. ती सापडली तरच ओलांडा. निकाल संघीय जमिनीच्या कायद्यावर उभा आहे, त्यामुळे कोपऱ्यावर राज्याची निळी जमीन असेल तर तोच न्याय गृहीत धरू नका. आणि पहिल्याच सहलीत सगळा बेत कोपऱ्यांवर बांधू नका. कोपऱ्यापलीकडे दोन मैलांवर जनावर पडलं तर पूर्ण मांस त्याच बिंदूवरून, खांद्यावरून आणावं लागतं.

पायरी २ : ॲक्सेस येस

नवख्यांसाठी ही सगळ्यांत उपयोगी सोय आहे आणि तीच सगळ्यांत कमी वापरली जाते. गेम अँड फिश खातं ‘ॲक्सेस येस’ नावानं खासगी मालकांशी करार करतं आणि त्या जमिनी शिकाऱ्यांना मोफत उघडून देतं. त्यात दोन प्रकार महत्त्वाचे.

वॉक-इन एरियात आधी परवानगी घ्यावी लागत नाही. सीमेवर पाट्या असतात, नेमून दिलेल्या जागी गाडी लावायची आणि पायी आत जायचं. पण प्रत्येक जागेची तारीख आणि कुठली जनावरं चालतात, याची यादी वेगळी असते. एखादी जागा पक्ष्यांसाठी उघडी आणि प्राँगहॉर्नसाठी बंद असू शकते. दर वर्षी करार बदलतात, म्हणून गेल्या वर्षीचा छापील नकाशा कचऱ्यात टाका.

हंटर मॅनेजमेंट एरिया हे मोठे टापू असतात. कित्येकदा अनेक रँच आणि मधली सरकारी जमीन एकत्र. तिथे जायला खात्याच्या संकेतस्थळावरून परवानगीची चिठ्ठी काढावी लागते. ती मोफत असते, पण काही टापूंत संख्या मर्यादित असते आणि त्या लवकर संपतात. चिठ्ठीसोबत त्या टापूचे नियम येतात : कुठल्या रस्त्यावर गाडी चालेल, कुठलं फाटक बंद, कुठे गाडी लावायची. ते छापून जवळ ठेवा, फोनला तिथे रेंज नसते. दोन्ही प्रकारच्या जागांत मुक्काम करता येत नाही असंच धरून चाला, पाटीवर स्पष्ट लिहिलं असेल तरच अपवाद.

पायरी ३ : रँचवाल्याला फोन

खासगी जमिनीवर पाटी नसली, कुंपण पडलेलं असलं, तरी परवानगीशिवाय शिकारीसाठी जाता येत नाही. शिकारीला निघालेला माणूस दुसऱ्या जागी पोचण्यासाठी नुसता मधून गेला तरी गुन्हा होतो. परवानगी असल्याचा पुरावाही जवळ हवा. परवान्यावर मालकाची सही किंवा दुसरा लेखी पुरावा. ‘फोनवर हो म्हणाले होते’ हे वॉर्डनसमोर टिकत नाही.

फोन मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी करा. मे महिन्यात वासरांना डाग देण्याची गडबड असते, जुलैत गवत कापणी असते, आणि हंगामाच्या आदल्या आठवड्यात फोन करणाऱ्याला नकारच मिळतो. सुरुवातीलाच नाव, कुठून बोलताय, किती माणसं, किती गाड्या आणि कुठल्या तारखा हे सांगा. मग विचारा : मादीच्या परवान्यावर शिकार करू द्याल का? नर बहुतेक ठिकाणी आउटफिटरला, म्हणजे पैसे घेऊन शिकारीची सोय करणाऱ्या व्यावसायिकाला, दिलेले असतात, पण गवत फस्त करणारे कळप कमी व्हावेत असं अनेक रँचवाल्यांना वाटतं, म्हणून मादीला होकार मिळण्याची शक्यता जास्त. काही जण जमिनीत येण्याचे पैसे घेतात. मादीसाठी कमी, नरासाठी काहीशे डॉलर. त्या पैशात काय काय येतं हे विचारून घ्या : किती दिवस, किती माणसं, त्याच दिवशी दुसरा गट असणार का, आणि जनावर पडल्यावर तिथपर्यंत गाडी नेऊ द्याल का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि मग पाठीवर ओझं घेऊन दोन मैल चालतात.

पैसे घेऊन कुणी ‘मी तुम्हाला फिरवून शिकार मिळवून देतो’ म्हणत असेल तर राज्याच्या आउटफिटर मंडळाकडे त्याचा परवाना तपासा. साध्या प्राँगहॉर्नच्या शिकारीला गाइड सक्तीचा नाही. परराज्यातल्या माणसाला तो फक्त संघीय वाइल्डरनेस क्षेत्रात लागतो आणि प्राँगहॉर्न सहसा तिथे नसतो.

परवानगी मिळाली की फाटकांचं शिक्षण घ्या. माळावरचं फाटक म्हणजे तारा आणि काठ्यांचा पडदा असतो, शेवटची काठी खांबाच्या खालच्या आणि वरच्या तारेच्या कडीत अडकवलेली. उघडताना काठीला खांद्यानं मिठी मारून खांबाकडे दाबायचं, मग वरची कडी सैल पडते. लावताना आधी काठीचं खालचं टोक खालच्या कडीत बसवायचं, मग पुन्हा मिठी मारून वरची कडी चढवायची. उलट क्रमानं करायला गेलात तर काठी बसत नाही आणि तार हाताला लागते. हातमोजे घाला. फाटक जसं होतं तसंच सोडा : बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. उघडं फाटक बहुधा गुरांना पाण्यावर जाता यावं म्हणून मुद्दाम ठेवलेलं असतं.

पायरी ४ : परवाना

जमिनीचे निदान तीन पर्याय हातात आले की मग अर्ज करा. परराज्यातल्यांसाठी प्राँगहॉर्नचे परवाने सोडतीनं मिळतात. अर्ज जानेवारीत सुरू होतात, मुदत जूनच्या अगदी सुरुवातीला संपते, निकाल जूनमध्ये लागतो. नेहमीच्या परवान्याची फी अलीकडे ३२६ डॉलर आणि अर्जाचे १५ डॉलर अशी आहे. त्याच भागासाठी जास्त पैसे भरून वेगळ्या गटात अर्ज करण्याची ‘स्पेशल’ सोय २०२४पासून १,२०० डॉलरवर गेली. मादी किंवा पिल्लाचा परवाना ३४ डॉलरला मिळतो. शिवाय संवर्धनाचा स्टॅम्प लागतो. अर्जाआधी त्या वर्षीचे आकडे खात्याच्या संकेतस्थळावर ताडून घ्या. सहा जणांपर्यंतचा गट एकत्र अर्ज करू शकतो, म्हणजे निघालं तर सगळ्यांचं निघेल, नाही तर कुणाचंच नाही.

परवान्याचा ‘टाइप’ नीट वाचा. टाइप १ म्हणजे त्या भागात कुठलाही प्राँगहॉर्न. टाइप ६ आणि ७ मादी-पिल्लांचे. तक्त्यातल्या शेवटच्या मर्यादांच्या रकान्यात कधी ‘फक्त खासगी जमिनीवर’ किंवा ‘अमुक रस्त्याच्या उत्तरेला’ असं लिहिलेलं असतं. तो रकाना न वाचणं महागात पडतं.

सोडतीनंतर जुलैत उरलेले परवाने विकले जातात. स्वस्त आणि हमखास म्हणून नवख्यांना ते फार आवडतात. पण ते उरलेले का असतात, हा विचार करा. त्यातले बहुतेक खासगी जमिनीच्या भागांतले असतात. खात्याच्या पुस्तिकेतही सार्वजनिक प्रवेश अवघड असलेल्या भागांवर तशी खूण असते. रँचवाल्याचा होकार आधी मिळवला असेल तर उरलेला परवाना सोन्यासारखा, नसेल तर घेऊ नका.

पायरी ५ : राहायचं कुठे

धनुष्याचा हंगाम ऑगस्टच्या मध्यापासून असतो. रायफलच्या तारखा भागवार बदलतात, बहुतेक सप्टेंबर ते ऑक्टोबरमध्ये. सलामीच्या आठवड्यात छोट्या गावांतली मोटेलं भरतात, आणि शिकारी हे त्याचं एकमेव कारण नसतं. डग्लस, जिलेट, रॉलिन्स, वॉमसटर इथे तेल, कोळसा आणि पवनचक्क्यांवरचे कामगार आठवड्याच्या दरानं खोल्या धरून असतात. त्यामुळे अर्ज केल्या केल्या, निकालाची वाट न बघता, मोफत रद्द करता येईल अशी खोली धरून ठेवा आणि निकाल लागला की ठेवायची की सोडायची ते ठरवा.

मुक्काम शिकारीच्या जागेपासून ४५ मिनिटांच्या आत असावा. तासापेक्षा जास्त अंतर पडलं की पहाटेचा चांगला वेळ रस्त्यावर जातो. कॅस्परमध्ये सगळं मिळतं : किराणा, बंदुकीची दुकानं, मांस कापून देणारे. पण शहर असल्यामुळे दरही तसे. डग्लस, ग्लेनरॉक, लस्क, केसी अशा गावांत मोटेलं साधी असतात, पण जमिनीला जवळ पडतात. फोनवर हे विचारा :

- शिकारी चालतात का, आणि बंदूक खोलीत नेता येते का?
- जनावर सोलायला वेगळी जागा, पाण्याचा नळ आणि कचऱ्याची सोय आहे का? खोलीत किंवा पार्किंगमध्ये हे काम केलं तर बहुतेक ठिकाणी दंड लावतात.
- मांसासाठी फ्रीजर आहे का, किंवा जवळ बर्फ कुठे मिळतो?
- तळमजल्यावर, गाडी दारासमोर लावता येईल अशी खोली आहे का? शंभर पौंडांचा कूलर जिन्यानं वर चढवून पाहू नका.
- ऑफिस पहाटे बंद असतं का? चार वाजता निघताना चावी कुठे ठेवायची?

छोट्या स्वयंपाकघराची खोली मिळाली तर घ्या. छोट्या गावांत रात्री आठनंतर खायला काही मिळेलच असं नाही. शाकाहारी जोडीदार बरोबर असेल तर एक छोटा कुकर, तांदूळ, मूगडाळ आणि मसाल्याचा डबा पुरेसा होतो.

काही रँच जमिनीच्या प्रवेशासोबत बंकहाउसमध्ये, म्हणजे रँचवरच्या साध्या सामायिक खोल्यांत, राहायची सोय देतात. पहिल्या वर्षी आमच्या मते हाच सगळ्यांत चांगला सौदा. मालक कळप कुठे आहेत ते सांगतो, सोलायला शेड असते आणि हद्दीचा घोळ राहत नाही.

तंबू टाकायचा असेल तर बीएलएमच्या जमिनीवर आणि नॅशनल ग्रासलँडवर बहुतेक ठिकाणी मोफत राहता येतं, सर्वसाधारण मर्यादा एका जागी १४ दिवसांची. आधीच गाड्या थांबून मोकळी झालेली जागा घ्या. पाणवठ्यापासून लांब राहा, कारण कोरड्या माळावर कळपांचं सगळं वेळापत्रक पाण्याभोवती फिरतं. तुम्ही तळ्याकाठी तंबू ठोकलात तर तुमचीही शिकार गेली आणि इतरांचीही. माणशी दिवसाला निदान दोन गॅलन पाणी घेऊन जा. तंबूचे खुंट लांब आणि जाड आणा, वायोमिंगचा वारा स्वस्त तंबू एका रात्रीत फाडतो. सप्टेंबरमध्ये आगबंदी असू शकते, तेव्हा गॅसचा स्टोव्ह ठेवा. आखलेलं कॅम्पग्राउंड हवं असेल तर ग्लेंडो आणि बॉयसन ही स्टेट पार्कं किंवा अल्कोव्हा जलाशयाचा परिसर बघा.

रस्ते, गाडी आणि चिखल

डेन्व्हर ते कॅस्पर सुमारे २८० मैल, चार-साडेचार तास. आय-८० लॅरमी ते रॉलिन्सदरम्यान हिमवादळात बंद होतो आणि ते ऑक्टोबरमध्येही घडतं. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्यांना मनाई असते का, हे सही करण्याआधी वाचा. पूर्ण आकाराचं स्टेपनी टायर, पंक्चरचा किट आणि हवा भरायचा छोटा पंप हवाच. टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्या.

पूर्वेकडच्या मातीत बेंटोनाइट, म्हणजे पाण्यानं फुगणारी चिकणमाती, असतं. सुकी असताना ती रस्त्यासारखी कडक असते. अर्धा इंच पाऊस पडला की चाकाला चिकटते, वर थर चढत जातो आणि चाक फेंडरला घासून अडकतं. फोर-व्हीलही तिथे काही करू शकत नाही. पाऊस पडला तर गाडी जिथे आहे तिथेच ठेवा आणि ऊन-वाऱ्यानं जमीन वाळायची वाट बघा. जबरदस्तीनं गाडी काढली तर रँचच्या रस्त्यात फूटभर खोल चाकोऱ्या पडतात आणि पुढच्या वर्षीची परवानगी तिथेच संपते. वाळलेल्या उंच गवतातही गाडी उभी करू नका, खालच्या तापलेल्या भागानं गवत पेट घेतं.

विमानानं येत असाल तर रायफल रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन सामानात, आणि काउंटरवर सांगून. काडतुसं मूळ खोक्यात, बहुतेक कंपन्यांची मर्यादा ११ पौंडांची.

जनावर पडल्यावर

शिकार करताना सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे गोळी झाडता येत नाही. अंगावर फ्लोरोसंट नारिंगी किंवा गुलाबी रंगाचं निदान एक वस्त्र, टोपी किंवा बंडी, हवं. जनावर पडल्यावर परवान्याचं कूपन लगेच भरून लावायचं, जागा सोडण्याआधी. चारही पायांचं मांस, पाठीवरची मोठी पट्टी आणि कण्याच्या आतल्या बाजूचं मऊ मांस न्यावंच लागतं, टाकून देणं गुन्हा आहे.

सप्टेंबरमध्ये दुपारचं तापमान ८० अंश फॅरनहाइटच्या वर जातं आणि प्राँगहॉर्नचे दाट, पोकळ केस उष्णता आत धरून ठेवतात. ‘प्राँगहॉर्नचं मांस उग्र लागतं’ ही तक्रार बहुतेक वेळा या उशिराची असते. पडल्यावर तासाभरात पोट साफ करा, लगेच कातडं काढा आणि तुकडे बर्फावर ठेवा. एका जनावरासाठी ६० क्वार्टचे दोन कूलर आणि २० पौंडांच्या बर्फाच्या दोन पिशव्या पुरतात. बर्फ पिशवीतच राहू द्या, म्हणजे मांस पाण्यात पोहत नाही. हाडं काढून मांस साधारण ३५ ते ४५ पौंड भरतं.

कापून, पॅक करून देणाऱ्या दुकानाला निघण्याआधी फोन करून ठेवा. सलामीच्या आठवड्यात ते घेणं बंद करतात, आणि पॅकिंगला आठवडाही लागू शकतो, तेवढे दिवस तुम्ही तिथे नसता. गाडीनं जाणाऱ्यांनी बर्फ दर सकाळी बदलायचा. विमानानं परतणाऱ्यांनी मांस मोटेलच्या किंवा दुकानाच्या फ्रीजरमध्ये दोन रात्री कडक गोठवावं, कूलर ५० पौंडांच्या आत ठेवावा आणि टेपनं गुंडाळून सामानात द्यावा. ड्राय आइस प्रवाशामागे साडेपाच पौंडांपर्यंतच चालतो, त्यालाही कंपनीची आधी संमती लागते आणि कूलरवर तसं लिहावं लागतं. झाकण हवाबंद करू नका, वायू बाहेर पडायला वाट हवी.